कुलवृत्तांत आणि जनुकीय चाचणी : निष्कर्षांची मालकी कोणाची?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या आणि चरित्रांच्या पलीकडे, बहुधा भिंतीलगतच्या एखाद्या कपाटात, कुलवृत्तांतांची एक रांग आढळते. कापडी बांधणीचे, आत वंशावळीचे घडीचे तक्ते चिकटवलेले हे जाडजूड ग्रंथ वर्षानुवर्षे कोणी घरी नेत नाही. पण ज्याला ते हवे असतात त्याला ते आजच्या आज हवे असतात. कोणाला वारसाहक्काचा कागद करावयाचा असतो, कोणाच्या घरी लग्न जुळत असते, तर कोणाला निवृत्तीनंतर आपण मूळचे कोठले, या प्रश्नाने घेरलेले असते. परमुलखात रुजलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न जरा अधिकच छळतो. निजामाच्या राज्यात चाकरीनिमित्त आलेला पूर्वज असो, की शिंदे-होळकरांबरोबर माळव्यात गेलेला असो, त्याने सोबत आणलेली शिदोरी म्हणजे मूळ गावाचे नाव, कुलदैवत आणि चार पिढ्यांची नावे. उरलेले त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत.

या कपाटाला अलीकडे एक नवा शेजारी मिळाला आहे. एका लहानशा नळीत थुंकी भरून ती प्रयोगशाळेकडे पाठवावयाची, की काही आठवड्यांत आपल्या जनुकांचा अहवाल हाती पडतो. त्यात आपले पूर्वज कोणत्या प्रदेशातून आले याचा अंदाज असतो, आपल्या रक्ताच्या नातलगांपैकी आणखी कोणी चाचणी केली आहे याची यादी असते, आणि मागितल्यास पुढेमागे कोणता आजार संभवतो याची सूचनाही असते. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले-नातवंडे हौसेने हे करतात आणि मग इकडे दूरध्वनी येतो, ‘आजोबा, तुम्हीपण करा.’ आजोबांनी करावे की नाही, हा आजचा विषय नव्हे. केल्यावर हाती येणारा तो कागद कोणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कुलवृत्तांतासाठी माहितीपत्रक भरणारा गृहस्थ काय लिहितो आणि काय वगळतो हे त्याला ठाऊक असते. धाकट्या भावाचे व्यसन, एखादे मोडलेले लग्न, आत्याबाईंचा आजार या गोष्टी त्या कागदावर सहसा उतरत नाहीत, आणि संपादकही त्या खोदून विचारीत नाहीत. नळीत थुंकणाऱ्याला मात्र आपण काय देत आहोत याची कल्पना नसते. शिवाय तो जे देतो ते केवळ त्याचे नसतेच. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा जनुकीय ठेवा सामायिक असतो. पहिल्या पिढीच्या चुलत-मावस भावंडांत तो सुमारे आठवा हिस्सा, दुसऱ्या पिढीच्या बत्तिसावा, तिसऱ्या पिढीच्या एकशे अठ्ठाविसावा. हिस्सा लहान झाला तरी ओळख पटण्यास तो बहुधा पुरतो. म्हणजे एकाने सही केली की त्याच्या नकळत चार घरांची दारे किलकिली होतात.

येथे मला आपल्याच भूमीतल्या एका ग्रंथकाराचे स्मरण होते. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका चालुक्यनृपती सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणनगरीत लिहिली. ते कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. १९५६पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या मुलखातच होते. ‘सपिंड’ कोणाला म्हणावे, असा प्रश्न त्याच्यापुढे होता. श्राद्धातला पिंड ज्यांना सामायिक, ते सपिंड, असा अर्थ बंगालच्या दायभागाने घेतला. विज्ञानेश्वराने तो घेतला नाही. पिंड म्हणजे देह. एका देहाचे अवयव, म्हणजे अंश, ज्यांच्यात परंपरेने उतरले ते सपिंड, असे त्याने मांडले. बापाकडून सात पिढ्या व आईकडून पाच पिढ्या ही मर्यादाही त्याने सांगितली, कारण अशा अंशांचा माग काढीत गेले तर जगात कोणीच परका उरणार नाही. विज्ञानेश्वराला जनुकशास्त्र ठाऊक होते, असा दावा करण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. मला ती नाही. परंतु नाते म्हणजे देहाच्या अंशांची वाटणी, आणि त्या नात्यातून हक्कही निर्माण होतात व बंधनेही, ही त्याची मांडणी आजच्या प्रश्नाला अधिक जवळची आहे, एवढे खरे.

त्याच मिताक्षरेने आणखी एक गोष्ट दिली. वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, आणि वाटणी होईपर्यंत अमुक कोपरा माझा असे कोणी म्हणू शकत नाही. जनुकीय माहिती मला अशा अविभक्त मिळकतीसारखी वाटते. फरक एवढाच, की हिची वाटणी कधीच होऊ शकत नाही. शेतीचा तुकडा विकता येतो. आजीकडून आलेला आजाराचा अंश आपल्यापुरता वेगळा काढून विकता येत नाही. म्हणून ‘माझी थुंकी, माझा पैसा, माझा अहवाल’ हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो, आणि ‘घराण्याची माहिती, म्हणून घराण्याच्या मंडळाची’ हा तर धोकादायक वाटतो.

या प्रश्नाला सर्वप्रथम तोंड देण्याची पाळी ज्या देशावर आली त्याची हकीकत जरा विस्ताराने सांगतो, कारण तो देश म्हणजे जणू एक अखंड कुलवृत्तांत आहे. उत्तर अटलांटिकमधील आइसलँड हे बेट सुमारे अकराशे वर्षांपूर्वी वसले. कोणी कोठे वस्ती केली व कोण कोणाचा मुलगा, याची नोंद करणारे ‘लँडनामाबोक’ नावाचे त्यांचे ग्रंथ मध्ययुगीन आहेत. आजही तेथे बहुतेकांना आडनाव नसते. बापाच्या नावाला ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’ जोडावयाचे, झाले नाव पूर्ण. दूरध्वनीच्या पुस्तकातही माणसे पहिल्या नावाने लागत असत. आपण निदान बापाचे नाव मध्ये घालून आडनाव तरी राखतो. वंशावळींचे एवढे वेड असलेल्या या लोकांची संख्या २००३च्या सुमारास तीन लाखांच्याही आत होती.

१९९६ साली तेथे ‘डीकोड’ नावाची कंपनी निघाली. वंशावळी, रुग्णनोंदी आणि जनुके या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या तर रोगांची मुळे सापडतील, अशी तिची कल्पना होती, आणि शास्त्र म्हणून ती चुकीची नव्हती. १९९८च्या डिसेंबरात तेथील संसदेने कायदा करून देशभरच्या वैद्यकीय नोंदींचे एकच भांडार उभारण्यास मंजुरी दिली व २०००मध्ये बारा वर्षांचा परवाना याच कंपनीला मिळाला. गंमत अशी, की नोंदी द्यावयास संमती लागत नव्हती; नको असेल त्याने तसे कळवावयाचे. सुमारे वीस हजार लोकांनी तसे कळविले. मृतांचे काय? मृत कळवू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या नोंदी आपोआप आत जाणार.

येथे एक तरुण मुलगी उभी राहिली. तिचे वडील १९९१मध्ये वारले होते. त्यांच्या नोंदी भांडारात घालू नयेत, असा अर्ज तिने केला, आणि तो फेटाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३च्या नोव्हेंबरात निकाल लागला. न्यायालय म्हणाले, मृत बापाच्या वतीने बोलण्याचा अधिकार या मुलीला नाही. मात्र बापाच्या आनुवंशिक गुणधर्मांवरून तिच्याविषयी अनुमान काढता येत असल्यामुळे, स्वतःच्या खाजगी आयुष्याच्या रक्षणासाठी ती हरकत घेऊ शकते. नावे सांकेतिक केली म्हणजे पुरेसे, हेही न्यायालयाने मान्य केले नाही. ते भांडार पुढे उभे राहिलेच नाही. बापाच्या कागदावर मुलीचा हक्क मालकीचा नव्हे, तर तिच्याच देहाच्या खाजगीपणाचा, ही वाट त्या निकालाने दाखविली. मिताक्षरेला ती फारशी परकी वाटली नसती.

पण हकीकत येथे संपत नाही. तिचा दुसरा अंक अधिक अवघड आहे. कंपनीने पुढे स्वेच्छेने नमुने देणाऱ्यांवर काम चालू ठेवले. २०१५च्या मार्चमध्ये तिने प्रसिद्ध केले, की २,६३६ व्यक्तींचा संपूर्ण जनुकसंच वाचून त्याआधारे आणखी एक लाखावर व्यक्तींची माहिती अनुमानाने भरता आली आहे. वंशावळ हाताशी असल्यामुळे, ज्यांनी नमुना कधीच दिला नाही अशांविषयीही गणिताने बरेच सांगता येऊ लागले. बीआरसीए-२ नावाच्या जनुकातली पाच अक्षरे गळलेला एक दोष त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो ज्या स्त्रीत असेल तिला स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. शंभरात एकाहून थोड्या कमी माणसांत तो आढळतो. म्हणजे बेटावर जवळपास दोन हजार माणसे. ती कोण, हे कंपनीच्या संगणकाला कळू शकत होते. तिचे संस्थापक कारी स्टेफान्सन जाहीरपणे म्हणत, की या माणसांना सांगितलेच पाहिजे. वेळीच शस्त्रक्रिया झाली तर जीव वाचतील. त्यांनी ज्या कामासाठी संमती दिली त्यात हे नव्हते, आणि काहींनी तर संमतीच दिलेली नव्हती, असे सांगून अधिकाऱ्यांनी नकार दिला.

श्रोतेहो, या वादात आपण कोणत्या बाजूला उभे राहू? शेजारच्या घराला आग लागलेली दिसत असताना दार ठोठावण्यापूर्वी परवानगीचा अर्ज करावयाचा काय? दुसरीकडे, ज्या बाईने आपल्या देहाविषयी काही जाणून घेण्याची इच्छा कधी दाखविली नाही तिच्या दारात एके सकाळी अनोळखी माणसाने येऊन तिचे भविष्य वाचावे, हे तरी योग्य काय? शेवटी २०१८मध्ये कंपनीने एक मार्ग काढला : ज्याला विचारावयाचे असेल त्याने स्वतःहून विचारावे, त्याला उत्तर मिळेल. माझ्या मते हाच त्यातल्या त्यात बरा तोडगा. दार उघडे ठेवावे, हात धरून ओढू नये. मात्र त्यात एक उणीव उरतेच. ज्याला धोका आहे याची शंकाच नाही, तो विचारायला जाणार कशाला? ही उणीव कायद्याने भरून निघणारी नाही. ती मावशीने भाचीला वेळेवर फोन केल्याने भरून निघते.

अमेरिकेतली दोन प्रकरणे वर्तमानपत्रांतून आपण वाचली असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात अनेक खून करून दशकानुदशके हाती न लागलेला एक माजी पोलीस २०१८च्या एप्रिलमध्ये पकडला गेला, तो वंशावळीच्या हौशी लोकांनी एका खुल्या भांडारात ठेवलेल्या माहितीमुळे. त्याने स्वतः काहीच दिले नव्हते. दूरच्या नातलगांनी दिले होते. न्याय झाला, याबद्दल दुमत नाही. पण त्या नातलगांना आपण साक्षीदार होत आहोत हे कोणी सांगितले होते? त्याच वर्षी एका शोधनिबंधात दाखविले गेले, की एखाद्या समाजातील शंभरांपैकी दोन माणसांची माहिती भांडारात असली तर जवळजवळ प्रत्येकाचा तिसऱ्या पिढीचा भाऊबंद त्यात सापडतो. दुसरे प्रकरण ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीचे. २०२३मध्ये चोरांनी सुमारे चौदा हजार खाती उघडली. माहिती गेली मात्र सुमारे एकोणसत्तर लाख लोकांची, कारण प्रत्येक खात्यातून नातलगांची यादी दिसत होती. मार्च २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि जवळजवळ दीड कोटी माणसांच्या जनुकांचे भांडार लिलावाची वस्तू झाले. ते अखेर कंपनीच्याच सहसंस्थापिकेच्या ना-नफा संस्थेने साडेतीस कोटी डॉलरना घेतले. सुदैव म्हणावयाचे, कोणीही घेऊ शकले असते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या शहरातील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, ज्याला आपण सारे ‘सीसीएमबी’ म्हणतो, तेथे लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार या सापाच्या जनुकांवर काम करता करता डीएनए-ठशांची भारतीय पद्धत सिद्ध केली, आणि १९८९मध्ये केरळातल्या एका पितृत्वाच्या खटल्यात ती न्यायालयात आली. भारतातला डीएनए पहिल्यांदा कोर्टात गेला तो बाप कोण, या प्रश्नासाठी, ही गोष्ट मला सूचक वाटते. पुढे २०१७मध्ये याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दाखविले, की त्यांनी पाहिलेल्या २६३ दक्षिण आशियाई समाजगटांपैकी ८१ गट मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले व आपसांतच सोयरीक करीत आलेले आहेत, आणि त्यांतील चौदांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांवर आहे. आपल्या शेजारच्या वैश्य समाजात एका विकराची उणीव अधिक आढळते. अशा माणसाला शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू सैल करण्याचे एक नेहमीचे औषध दिले, तर त्याचा परिणाम लवकर उतरत नाही. मी समाजाचे नाव घेतले, कारण भूलतज्ज्ञाला ते ठाऊक असणे हिताचे आहे. पण मूठभर व्यक्तींच्या चाचणीतून एका संपूर्ण समाजाला चिकटणारी माहिती जन्मते हेही त्यातून दिसते. पोटजातींची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या घराण्यांतच होत आली, तेव्हा आपले कुलवृत्तांत तरी याहून वेगळे काय सांगतात?

कायद्याची स्थिती अशी. १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ म्हणत असे, की वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल पतीचेच मानले जाईल, पती-पत्नींचा परस्परसंपर्क अशक्य होता हे सिद्ध झाल्याखेरीज. १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच तत्त्व कलम ११६मध्ये कायम आहे. पुष्कळांना हे जुनाट वाटते. मला वाटत नाही. एका निरपराध जीवाच्या डोक्यावरचे छप्पर प्रयोगशाळेच्या कागदाने उडू नये, ही त्यामागची दृष्टी आहे. पुण्याच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात पतीने मुलाच्या डीएनए-चाचणीची मागणी केली; फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि ज्या वादात मूल पक्षकारच नाही त्यात त्याच्या औरसपणावर उगाच शंका घेतली जाऊ नये, हा मुलाचा हक्क मानला. त्याआधी ऑक्टोबर २०२१मध्ये मिळकतीच्या एका दाव्यात, भाऊ म्हणविणाऱ्याची चाचणी करा, अशी बहिणींची मागणीही त्याच न्यायालयाने मान्य केली नव्हती. २०१७च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्याची ही फळे.

संसदेने २०२३मध्ये व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. आणि एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या व्यवहाराला तो कायदा लागूच होत नाही. घरगुती तक्त्यात चुलतभावाचा अहवाल नोंदविणाऱ्या हौशी गृहस्थाला त्यामुळे या कायद्याचा धाक जवळजवळ नाही. त्याला विवेकाचाच काय तो लगाम.

आणि कुलवृत्तांताची बाब विशेष नाजूक आहे. आपल्या परंपरेत कुळ हे केवळ रक्ताने चालत आले नाही. दत्तकविधान हा आपल्याकडे राजमार्ग होता. ज्यांनी बडोद्यात गावोगाव ग्रंथालये उभारून देशाला धडा घालून दिला, ते सयाजीराव गायकवाड १८७५मध्ये नाशिककडील कवळाण्याच्या भाऊबंदांतून दत्तक आले होते, आणि गादीचे अस्सल वारस तेच होते. आपल्या वंशावळींत दत्तकाला वेगळी खूण करतात. ती कमीपणाची नसते, माहितीची असते. चाचणीचा कागद मात्र खूण करीत नाही, तो नाते खोडतो. समजा, एखाद्या घराण्यात पाच शाखांतील पुरुषांनी चाचणी केली आणि चौघांची पितृपरंपरेची खूण जुळली, पाचव्याची जुळली नाही. दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या विधवेने मांडीवर घेतलेल्या बहिणीच्या मुलामुळे तसे झाले असेल, किंवा आणखी कशामुळे. त्या बाईचे म्हणणे ऐकायला आज कोणी नाही. पाचव्या शाखेचे नाव तक्त्यातून गाळण्याचा अधिकार संपादकमंडळाला कोणी दिला? माझे मत स्पष्ट आहे : कोणीही दिलेला नाही. कुळाचार ज्याने चालविला तो त्या कुळाचा.

एक गोष्ट चाचणीच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. जुन्या कुलवृत्तांतांत लेकी लग्नानंतर एका ओळीत संपतात : अमुक गावी अमुकांकडे दिली. सुनांचे माहेरचे नाव असले तर असते. जनुकांना हा पंक्तिभेद ठाऊक नाही. आईकडून आईला जाणारा अंश सात घरे ओलांडून येतो, आणि ज्या पणजीचे नावही कोणाला आठवत नाही तिची खूण पणतीच्या पेशीत जशीच्या तशी सापडते. याचे मला अप्रूप वाटते, आणि ज्यांना हौसेने चाचणी करावयाची आहे त्यांना मी अडविणार नाही. त्यांनी आधी भावंडांना आणि मुलांना सांगावे. नातलगांच्या यादीत दिसण्याची मुभा देण्यापूर्वी त्यांची हरकत ऐकावी. अज्ञान मुलांच्या नळ्या भरू नयेत, ती मोठी होऊन ठरवतील. आजाराविषयी काही निघाले, तर ज्याला धोका असेल त्याला एकांतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने सांगावे. कुटुंबमेळाव्यात नव्हे, स्मरणिकेत तर नव्हेच. आणि ‘मला ऐकायचे नाही’ असे कोणी म्हटले, तर तोही त्याचा हक्क समजावा.

राहिला प्रश्न ग्रंथालयांचा. आज ना उद्या एखादे सभासद कुटुंब कुलवृत्तांताच्या हस्तलिखितांबरोबर अशा अहवालांची एक पेटी किंवा संगणकाची चकती देणगी म्हणून घेऊन येईल. हस्तलिखिते, पत्रे, तीर्थोपाध्यायांच्या वहीतले उतारे आपण आनंदाने घ्यावेत. ती आपली कामेच आहेत. अहवाल घ्यावयाचे तर त्यात ज्या ज्या हयात व्यक्तींची माहिती आहे त्यांची लेखी संमती मागावी, ती नसेल तर देणगीदाराला नम्रपणे परत करावेत. घेतलेच, तर ते बंद लिफाफ्यात राहावेत, किती वर्षांनी उघडावयाचे ते दानपत्रात लिहिलेले असावे, आणि देवघेवीच्या वहीत त्यांची नोंद होऊ नये. कोणता सभासद कोणते पुस्तक नेतो हे दुसऱ्या सभासदाला न सांगण्याची शिस्त आपल्या ग्रंथपालांनी पाळली आहे. त्याच कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असू द्यावी.